दोन चमचे आणि लाभ

१५ जाने., गुरु.
शीतलला मुलगी झाली! सकाळीच पुण्याहून इंदूचा फोन, "आबाजी झाले तुम्ही!" आज खानावळीत प्रत्येक ताटात पेढा.
बारसं २५ ला. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली इंदू तोवर तिथंच राहणार. पण अट आहे. "रस्सा बिघडला त मी तशीच गाडीत बसतो." चूल आता सूनबाईकडे. प्राजक्ता नाशिकची, हुशार. सासूनं फोनवर सांगितलेलं सगळं वहीत उतरवलंय. तांब्याभर पाण्याला काळा मसाला दोन चमचे, वगैरे.

१६, शुक्र.
पातोडीचा रस्सा, बेसनाच्या वड्या घालून. रोजचे गिऱ्हाईक मास्तर, त्यांनी पहिला भुरका घेतला आणि टोपी काढून ठेवली. "शेठ, रस्सा हाय का इस्तो?" बाकीचे नुसते पाणी, पाणी!
आत जाऊन प्राजक्ताचा चमचा पाहिला. पोह्यांचा! म्हटलं, "बेटा, सासूचं माप चहाच्या चमच्याचं. हा एक म्हणजे चहाचे तीन." तांब्यामागे दोनच्या जागी सहा गेले. डोक्याला हात.

१७, शनि.
आज चहाच्या चमच्यानं, मोजून दोन. मास्तर म्हणाले, "काऊन हो शेठ, डाक्टरनं आमाले पथ्य सांगतलं काय?" सगळे हसले. मीही. प्रा. हसली नाही. भांडी आवरताना म्हणाली, "बाबा, आईंना बोलवून घ्या. मी आपली भाकऱ्या थापते."
दुपारी इंदूचा फोन. कुणी कळवलं देव जाणे. "उद्याची गाडी पाहू काय?" एक दिवस मागून घेतला. नातीचं बारसं चुकलं तर मला जन्मभर ऐकवेल.

१८, रवि.
जावयांना पातोडी हवी म्हणून इंदू पुण्यात रांधत होती. प्रा.ला म्हटलं, फोन स्पीकरवर ठेव, काही विचारू नको, मला ऐकू दे. फलाटावर चहा विकायचो तेव्हा कोणत्या खिडकीतून हाक आली ते न बघता ओळखायचो. कान अजून तेच आहेत.
तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज, मग मसाल्याच्या डब्यात चमचा वाजला. तीनदा. आणि इंदू पुटपुटली, "लाभ... एक... दोन."
दोन म्हणे!
प्रा. ओरडली, "आई, तीन टाकले तुम्ही!"
"तीन कुठचे वं? दोनच. पह्यला त लाभ हाय!"
मापाऱ्याची पोरगी शेवटी. सासरे नांदुऱ्याच्या बाजारात ज्वारी मोजायचे, 'एक'च्या जागी 'लाभ' म्हणायचे, पुढं दोन, तीन. बाजारात लाभ म्हणजेच एक. हिच्या डब्यात लाभ वेगळा, एक वेगळा. इतकी वर्षं खातो हिच्या हातचं, कधी मोजलं नाही.
म्हणजे चहाचे तीन. म्हणजे पोह्यांचा बरोब्बर एक! प्रा.नं वहीत 'लाभ' लिहून त्याला चौकट केली. किती हसलो दोघं.

१९, सोम.
मास्तरांनी तीनदा वाटी पुढं केली. "वैनी आल्या वाटते!" म्हणून आत डोकावले, तर प्रा. पळी घेऊन उभी. "अरे, हे त पोरगी हाय बे!" तिचा चेहरा पाहण्यासारखा.
इंदूला लगेच सांगितलं, "जमला. बारसं करूनच ये." खूश झाली. पलीकडं नात टाहो फोडत होती. तिला थोपटत इंदूनं विचारलं,
"माह्यावानी झाला?"
"हाव."
"अगदी माह्यावानी? काहीच फरक नाही?"
इकडं प्रा. समोर उभी, कान टवकारून. म्हटलं, "आवाज तुटून राह्यला, उद्या लावतो."
आवाज चांगला खणखणीत येत होता. उद्या काय सांगू ते अजून सुचलेलं नाही.