नव्या मशीनमधला पाहुणा

मंगळवार, ४ मार्च

झालं! काम धाकट्या जावेला दिलं. सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, नवं संगणकाचं मशीन धाकटी बघेल, ती शिकलेली आहे. म्हणजे मी काय अडाणी? भरतकामाचा हा कारखाना उभा राहिला तेव्हापासून प्रत्येक शाळेचा बिल्ला, प्रत्येक हॉटेलच्या टॉवेलवरचं नाव मी संगणकावर काढलंय. आणि जाऊबाईंना लग्न होऊन येऊन वर्षसुद्धा झालं नाही.

हे म्हणतात, तुलाच आराम. ह्यांना काय कळतंय!

बुधवार, ५ मार्च

आमचा नक्षीचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालतो, आणि तो जुना संगणक आता घरघरायला लागलाय. म्हणून नव्या मोठ्या मशीनच्या पोटात एक जुना संगणक तयार करायचा — खरा नाही, नुसता सॉफ्टवेअरचा. धाकटी त्याला पाहुणा म्हणते. आज पाहुण्याला खोली दिली म्हणे! सासरे खळखळून हसले. माझ्या कुठल्या बोलण्यावर कधी हसलेत?

माझ्या सगळ्या नक्ष्यांची वेगळी डिस्क करून ती मी स्वतः पाहुण्याला जोडली. धाकटी विचारत होती, एक कॉपी काढून ठेवू का? म्हटलं, हात लावायचा नाही. आज कॉपी मागते, उद्या खुर्ची मागेल.

गुरुवार, ६ मार्च

जुन्या संगणकाने सकाळी डिस्कसकट मान टाकली. आता सगळी भिस्त पाहुण्यावर.

आणि पाहुणा काही घरात शिरेना! विंडोजच्या फायली कॉपी होतात, मशीन बंद होऊन चालू होतं, की परत इन्स्टॉलचा पहिलाच निळा पडदा. परत पहिल्यापासून. मला एका नजरेत कळलं — इन्स्टॉल करायची सीडी अजून जोडलेलीच आहे. नुसती फाईल असते ती, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काढायची राहते. चालू झालं की मशीन आधी तिच्याकडेच धावतं. ती काढली की काम झालं.

बोलले नाही. चहा घेतला.

शुक्रवार, ७ मार्च

पुन्हा तेच. धाकटी रडकुंडीला आलीय. सासरे दारात उभे राहिले, बघितलं, निघून गेले. मला बरं वाटलं. हो, वाटलं! इथे तरी खोटं कशाला लिहू?

संध्याकाळी तिने विचारलं, "ताई, तुम्हाला काही सुचतंय का?"

म्हटलं, "मी कुठे शिकलेली!"

शनिवार, ८ मार्च

मेले मी.

तिला वाटलं, डिस्कच बिघडलीय. पाहुण्याची आणि माझ्या नक्ष्यांची, दोन्ही पुसून कोऱ्या केल्या तिने. दोन्ही! मी शेजारी बसून दोऱ्यांचे रंग जुळवत होते. मान वळवली तोवर माझी डिस्क रिकामी. इतक्या वर्षांचं काम! सोमवारी हॉटेलची मोठी ऑर्डर भरतकामाच्या मशीनवर चढायचीय, आणि नक्षी नाही.

काय ओरडणार? गुरुवारी एक वाक्य बोलले असते तर हे झालंच नसतं. तडक घरी आले. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय.

रविवार, ९ मार्च

धाकटी दोनदा दारापर्यंत येऊन गेली. मी झोपेचं सोंग घेतलं.

सोमवार, १० मार्च

पाहुणा चालू! माझ्या नक्ष्या जागच्या जागी. धाकटीने बुधवारीच गुपचूप कॉपी काढली होती. मग हळूच म्हणाली, "ताई, सीडीचं मला काल कळलं. तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

"हो."

"बाबांना मी सांगितलंय, ताईंनी दाखवलं म्हणून जमलं."

आता सासरे सगळ्यांसमोर माझं कौतुक करतील, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल.