बांधावरचा उंबर

अहो,

शिफ्टवरून आलात की आधी जेवून घ्या, पिठलं झाकून ठेवलंय. आबांना मात्र काही विचारू नका.

आज ते आत्यांकडून परत आले, माझं बोन्साय बघितलं आणि ओसरीवर मटकन खालीच बसले. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या, नवशिक्यांनी शेळ्यांनी खाऊन खुरटलेलं जुनं झाड शोधावं. बांधावरचा तो गुडघाभर उंबर अगदी तसाच होता, म्हणून रविवारी खणून आणला. आबा म्हणाले, "सूनबाई, ही तर आपल्या हद्दीची खूण! उद्या मोजणीला बांधापलीकडच्या नथूला काय दाखवू?"

मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं हो. सोटमूळसुद्धा छाटलंय मी. तरी उंबर घेऊन बांधावर चाललेय, होता तिथंच परत लावते. पण ती जागा आता सापडेल असं वाटत नाही. खड्डा बुजवून वर नांगर फिरवलाय.

नथूभाऊंनीच. मी खणत होते तेव्हा पलीकडच्या वावरातून कुदळसुद्धा त्यांनीच आणून दिली होती. "ने गं पोरी," म्हणाले, "घरात लय छान दिसंल."

सुषमा