पिवळा होता तोवर

२ फेब्रुवारी
मासा आला. जिवंत आला! आमच्या पाणबुड्याने खोल समुद्रातल्या प्रवाळाच्या कड्याखालून, जिथे भरदुपारीही संध्याकाळ असते म्हणतात, तिथून डब्यात घालून हळूहळू वर आणला. एकदम वर ओढला तर पोट फुगून मरतो, असं त्याने मला समजावलं. मला माहीत होतंच. पुस्तकात आहे. मी स्वतः बोटीवर जाणारच होतो, पण नेमका कान दुखायला लागला. तो कधी कुठला दुखायला लागेल ते आपल्या हातात नसतं.

मासा तळहाताएवढा. लिंबासारखा पिवळाधमक. असा मासा एकाही पुस्तकात नाही. पाहताक्षणी ओळखलं, नवी जात. आता या महिन्यात पेपर लिहून मोकळं व्हायचं. आजपासून रोज लिहायचं, रोज चालायचं आणि सासऱ्यांना घाबरायचं नाही.

३ फेब्रुवारी
संचालकांनी बोलावलं. म्हणाले, संग्रहालयाचे विभाग कमी करायचेत. मत्स्य विभागातून इतक्या वर्षांत एकही नवी जात बाहेर आलेली नाही. मेपर्यंत काही आलं नाही, तर विभाग शंख-शिंपल्यांच्या विभागात विलीन. म्हणजे मी तिथल्या प्रमुख शंखबाईंच्या हाताखाली. हे सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं, त्यामुळे जास्तच घाबरलो.

म्हटलं, साहेब, नवी जात टँकमध्ये पोहतेय. ते उठून उभेच राहिले. मग माझ्या तोंडातून निघून गेलं की तिला तुमचंच नाव द्यायचं ठरवलंय. का बोललो कळत नाही. भीती वाटली की तोंड माझ्या पुढे पळतं.

५ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, नाव बाबांचंच ना? मासा म्हणजे काय ते तुला त्यांनीच शिकवलं. खरं आहे. सासरे आधी माझे सर होते, सासरे नंतर झाले. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमच्या घरात नऊच्या नऊ ग्रह सासऱ्यांच्या खिशात आहेत, दहाव्याला कोण विचारतो. म्हटलं, अर्थात बाबांचंच.

तिने लगेच फोन लावला. सरांनी फक्त विचारलं, नमुने किती? म्हटलं, एक. ते नुसतं हं म्हणाले. ते हं म्हणाले की मला परीक्षेतला घाम फुटतो.

माशाला स्वतःचं नाव देत नाहीत. नियम नाही तसा, पण लोक हसतात. नाहीतर दोघांचंही भांडण मिटलं असतं.

११ फेब्रुवारी
नव्या जातीचं नाव नुसत्या कागदावर चालत नाही. ज्या माशावरून वर्णन केलं तो मासा स्पिरिटच्या बरणीत कायमचा ठेवावा लागतो. तोच पुरावा. म्हणजे याला मारायला हवं. पाण्यात लवंगेचं तेल टाकायचं, मासा झोपतो, उठत नाही. त्याला काही कळतही नाही.

बाटली उघडली. लॅबला दातांच्या दवाखान्याचा वास आला. तेवढ्यात मासा काचेजवळ आला आणि बघत राहिला. मी घाबरलो वगैरे नाही. पण जिवंत माशाच्या वागण्याचं निरीक्षण हेही शास्त्रच आहे. बाटली ड्रॉवरमध्ये ठेवली. सोमवारी नक्की.

१९ फेब्रुवारी
सोमवारी सर्दी होती.

शंखबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन मासा बघायला येतात, मोबाईलवर फोटो काढतात. भाचीला पाठवते म्हणाल्या. विभाग गिळायला निघालेल्या बाईने इतकं गोड हसावं? आज विचारत होत्या, एकटाच आहे का हो, करमत नसेल. मी सांगितलं, शास्त्रज्ञांनी माशाबद्दल असं बोलायचं नसतं. त्या बरं म्हणाल्या.

२ मार्च
पाठीवरच्या पराचे, म्हणजे पंखाचे, काटे मोजायचे होते. मासा एका जागी थांबत नाही. तीनदा मोजले, तीन वेगळे आकडे आले. सरासरी काढली.

९ मार्च, सकाळी
कल्ल्यापाशी जरा केशरी झाक दिसतेय. बल्ब जुना झालाय. बदलला.

९ मार्च, दुपारी
नव्या बल्बमध्ये जास्त केशरी दिसतोय. हल्ली काहीच धड मिळत नाही.

१४ मार्च
कारण सापडलं! खाणं. कोळंबीचा रंग अंगाला लागतो. आजपासून कोळंबी बंद, नुसते पांढरे दाणे. मासा तोंडात घेतो आणि माझ्याकडे बघून थुंकतो.

संचालकांनी जिन्यात गाठून प्रगती विचारली. म्हटलं, उत्तम, पिवळाधमक.

२१ मार्च
पाठीवर धागा. चष्मा पुसला. टँकची काच पुसली. धागा माशाबरोबर फिरतो. पराचा एक काटा लांबतोय, तुऱ्यासारखा.

एक शंका आली. उगाच. तरी सहज म्हणून खाली बरण्यांच्या खोलीत गेलो. चाळीस वर्षांपूर्वी सरांनी एक खोल पाण्यातली जात शोधली होती, तिला सासूबाईंचं नाव दिलं होतं. सासूबाई गेल्या, बरणी आहे. स्पिरिटमध्ये सगळेच मासे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे पडतात, त्यामुळे रंग कळत नाही. पण पाठीवर तुरा होता. लांब. चिठ्ठीवर सरांचं अक्षर, नमुने तीन, तिन्ही नर, मादी अज्ञात.

कपाट लावलं. वर येऊन चहा केला.

काही प्रवाळमाशांत आसपास नर उरला नाही की मोठी मादीच नर होते, रंगसुद्धा बदलते. हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतं. मीच शिकवलंय. पण ते उथळ पाण्यातले मासे, मुळात चंचल. खोल पाण्यातला मासा असं काही करेल असं मला वाटत नाही. त्याचा स्वभाव गंभीर असतो.

२९ मार्च
शांतपणे विचार केला. याला आज स्पिरिटमध्ये टाकला तर तोही पांढरा होईल. पेपरला फेब्रुवारीतला पिवळा फोटो लावायचा, कोण विचारतो? राहता राहिला तुरा. तो कात्रीने… हा विचार माझा नव्हता, आला आणि गेला. तरी कात्री दुसऱ्या खोलीत ठेवून आलो.

बाटली मात्र काढली. बूच घट्ट होतं, ओढताना लवंगेचं तेल शर्टावर सांडलं. घरी बायकोने वास घेऊन विचारलं, कुठला दात? घाईत मागचा म्हणालो. ती धरूनच दंतवैद्याकडे घेऊन गेली. त्याला खरंच एक किडलेला सापडला. काढला.

१२ एप्रिल
संचालकांनी समारंभ ठरवला, पंधरा मे. पत्रकार येणार. त्यांच्या नावाची माशासकट पाटी रंगवायला दिली आहे. इकडे बायकोने बाबांना बोलावलंय, नाव जाहीर होताना ते हवेतच म्हणून. आमंत्रणपत्रिकेवर पिवळा फोटो. यालाच बाजारात तुरी म्हणतात. मी मात्र शांत आहे. फक्त जेवण जात नाही, ते दातामुळे.

२० एप्रिल
पिकल्या पेरूच्या आतला गुलाबी गर असतो ना, तसा झालाय. शेपटीची टोकंही लांबलीत. शंखबाई म्हणाल्या, हल्ली फार देखणा दिसतो हो. म्हटलं, त्याला पिवळा शोभतोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माशाकडे पाहिलं. मग चहा पिऊन गेल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या बाई खरोखरच बॅटरी घेऊन फिरतात.

३ मे
भीती वाटते. लिहूनच टाकतो, भीती वाटते. सकाळी लॅबचं दार उघडताना वाटते, बंद करताना वाटते. मासा दिसला की वाटते आणि कोपऱ्यात लपला की जास्त वाटते.

सरांना फोन करून सगळं सांगायचं ठरवलं. त्यांनी उचलला, बोला म्हणाले. मी त्यांचं ब्लडप्रेशर विचारलं. ठीक आहे म्हणाले. मग हवामानाबद्दल बोललो. तेही ठीक होतं.

१४ मे
प्लॅन तयार. खोल पाण्यातल्या माशाला उजेड सोसत नाही, असं जाहीर करायचं. एकच मंद दिवा ठेवायचा. अंधारात सगळे मासे एका रंगाचे. आपण उगाच घाबरत होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस!

१५ मे, संध्याकाळी
समारंभ झाला. म्हणजे जे झालं त्याला काय म्हणायचं ते ठरवायचंय.

संचालक होते, दोन पत्रकार, शंखबाई, बायको. सर काठी टेकत आले. पाटीवर कापड. दिवा मंद. संचालकांनी भाषणात अथांग हा शब्द चारदा वापरला. मग सर म्हणाले, जरा उजेड करा. मी उजेड सोसत नाही वगैरे सुरू केलं, तोवर शंखबाईंनी मोबाईलचा टॉर्च लावून त्यांच्या हातात दिलाही होता.

सर वाकले. मासा, इतके दिवस माझ्याकडे बघून थुंकणारा मासा, तुरा उभारून थेट त्यांच्यासमोर आला.

टॉर्च तुऱ्यापासून शेपटीपर्यंत फिरला. मग सरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. डोळे भरून आले होते. बायकोकडे वळून म्हणाले, अगं, ही आपली. तुझ्या आईची. त्यांनी ती जात फक्त मेलेली पाहिली होती, जाळ्यातून आलेली, विटलेली. जिवंत कधीच नाही. असा रंग होता तर, असं ते दोनदा म्हणाले.

संचालकांनी माझ्या कानात विचारलं, हे चांगलं आहे की वाईट? मी मान हलवली, कुठल्या दिशेने ते आठवत नाही.

तेवढ्यात सरांचं लक्ष पत्रिकेवरच्या पिवळ्या फोटोकडे गेलं. विचारलं, हाच मासा? म्हटलं, हाच. एकच आहे. ते एकदम ताठ झाले. म्हणाले, मग ती मादी होती! चाळीस वर्षं मादी शोधत होतो मी. आणि इतक्या खोलातल्या माशाला तुमच्या डोळ्यांसमोर मादीचा नर होताना कुणी पाहिलंय का आजवर? नव्या जाती ढिगाने मिळतात, जावईबापू, हे मिळत नाही. यावर विभाग दहा वर्षं चालेल. त्यांनी माझा हात धरला. लग्नातल्या फोटोनंतर पहिल्यांदाच. विचारलं, कधीपासून बदलायला लागली? रोज पाहत होतात ना तुम्ही?

सगळे माझ्याकडे बघत होते. नऊ मार्च, एवढंच म्हणायचं होतं. तारीख जिभेच्या टोकावर होती. पण मग पुढचं आलं असतं. नऊला दिसलं तर चौदाला पिवळाधमक कसं म्हणालात, पाटी का रंगवू दिलीत, नाव नेमकं कुणाचं होतं. पत्रकारांची पेनं उघडी होती. संचालक हसत होते.

म्हटलं, लक्षात नाही आलं माझ्या. कालच्या रात्रीत झालं असावं.

सरांनी हात सोडला. हळूच. म्हणाले, एका रात्रीत होत नाही हो ते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग शंखबाई घसा खाकरून म्हणाल्या, माझ्याकडे फोटो आहेत, रोज सकाळचे. सर खुर्चीवर बसले आणि एकेक फोटो सरकवत पाहू लागले, लिंबापासून पेरूपर्यंत. बायको त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. माझ्यासाठी खुर्ची नव्हती. पाटीवरचं कापड कोणी काढलं नाही. संचालकांनी पाटी कापडासकट काखेत मारून नेली.

१ जुलै
विलीनीकरणाचा कागद आला. माझं टेबल शंख-शिंपल्यांच्या विभागात, खिडकीपाशी. उजेड चांगला आहे. शंखबाईंनी पहिल्याच दिवशी चहा दिला आणि मासा तुमच्याकडेच राहू दे म्हणाल्या. मनाने वाईट नाहीत. त्याचाच जास्त त्रास होतो.

२३ ऑगस्ट, दुपारी
सरांचा आणि शंखबाईंचा पेपर छापून आला. नीट वाचला. शेवटी बारीक अक्षरात माझे आभार आहेत, माशाला वेळच्या वेळी खाणं दिल्याबद्दल. त्यातही कोळंबी मध्ये बंद केली होती, ते त्यांना माहीत नाही.

घरी आलो. बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता तिने विचारलं, खरंच तुझ्या लक्षात आलं नव्हतं?

म्हटलं, नाही गं.

ती बरं म्हणाली आणि पुढचा कपडा घेतला. बाबांनीही परवा हेच विचारलं होतं म्हणाली. त्यांना अजून वाटतं, तुला दिसलं असणार. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला ते दिसलं नाही, असं होणारच नाही म्हणतात.

मी आत येऊन बसलो आहे. ती बाहेर अजून घड्या घालतेय, उठून चार पावलांवर जाऊन सांगता येईल. दिसलं होतं. जगात सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं.

उद्या सांगेन. आज कान दुखतोय.