सहाव्या गाण्यातला हात

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना पक्षाघात झाल्यापासून सगळा भार तुझ्यावर पडला आहे, आणि मी इथे तळघरातल्या स्टुडिओत काळे पडदे ओढून गातोय. डॉक्टरांनी आशा सोडली असं तू कळवलंस, त्या दिवसापासून गाणी आपोआप सुचताहेत. आमच्या बँडच्या गॉथिक रॉकला हवा तसाच जड, ओला अंधार. सगळा अल्बम बाबांच्या जाण्यावर आहे. आमचा ड्रमवाला म्हणतो, इतकं खरं आपण आजवर वाजवलं नव्हतं. रेकॉर्डिंग संपलं की निघतोच. रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
घुम्या

२१ मार्च

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

बातमी चांगली आहे. काल बाबा उशीला टेकून बसले आणि चहा पाणचट झाला म्हणून माझ्यावर खेकसले. डॉक्टरसुद्धा बघत राहिले. उजवा हात लुळाच आहे, पण बोलणं स्पष्ट आहे. तू कुठे आहेस, असं विचारत होते. थापा मारण्यात मी कच्ची. तू त्यांच्यावर गाणी करतोयस हे सांगून मोकळी झाले. आता ऐकायचीच म्हणून हटून बसलेत. गाणी पाठव, आणि मुख्य म्हणजे तू ये. तुझ्या वाटणीची माया इथे राखून ठेवली आहे.

ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिला विचार आला तो, आता या गाण्यांचं काय होणार. बाबा वाचले, हा दुसरा. तेव्हापासून आरशात बघवत नाही. रेकॉर्डिंग थांबवलंय. गाणी पाठवतोय. सहावं मात्र त्यांना ऐकवू नकोस. एवढं सांभाळून घे आणि मला आपला म्हणत राहा.

घुम्या

९ एप्रिल

चि. घुम्यास,
अ. आ.

मी सांगतोय, ताई लिहून घेतेय. गाणी ऐकली. गाण्यांची यादी माझ्यासमोरच होती; पाचव्यानंतर तिने सातवं लावलं, तेव्हाच तिला पकडली.

मेलोय मात्र मी झकास. ड्रम थोडे कमी चालले असते. सहाव्या गाण्यात तू शेवटपर्यंत माझा हात धरून बसला आहेस. ऐकता ऐकता मलाही ते घडल्यासारखं वाटलं. मग शेजारी बघितलं, तर खुर्चीवर ताईचं विणकाम पडलेलं.

गाणं बदलू नकोस. ते खरं करायला अजून वेळ आहे. उजव्या हाताला स्पर्श कळत नाही, म्हणून खुर्ची डावीकडे ठेवून घेतली आहे.

बाबा