डबा माझा आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून राग बंद. कायमचा. योगिनीला शब्द दिला. निमित्त क्षुल्लक. सकाळी स्टूल भिंतीवर फेकलं, त्याचे दोन पाय गेले. भिंतीला काही झालं नाही, पण बायकोला भिंत दिसत नाही.
मुळात मी रागीट नाहीच. तत्पर आहे. अंबडच्या शेडमध्ये सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ बनवणं हे थंड डोक्याचं काम आहे का? सेट एकच. एक सॉफ्टवेअर टाकलं की घोटीच्या भात गिरणीच्या ट्रकवाल्यांचा वायरलेस, दुसरं टाकलं की लष्कराचा, शत्रूला न कळणारा. सॉफ्टवेअर योगिनी लिहिते. पण खरी कमाल डब्याची. डबा माझा.
२८ ला लष्करापुढे डेमो. ऑर्डर मिळाली तर शेड वाचली. नाहीतर शटर डाऊन.

६ नोव्हेंबर
सेट अचानक मुका. एक फटका दिला. चालू! लहानपणी घरचा टीव्ही असाच चालायचा. योगिनी म्हणाली, मी लॅपटॉपवरून रीस्टार्ट केला म्हणून चालला. असू दे. बायकोचं मन राखावं.

१२ नोव्हेंबर
रेंज टेस्ट. मेहुणा संतोष एक सेट घेऊन घोटीच्या गिरणीत, मी अलीकडच्या टेकडीवर. हा काही उत्तरच देईना. घसा फुटेपर्यंत ओरडलो. शेवटी गाडी काढून गिरणी गाठली आणि हमालांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. तर म्हणतो, "दाजी, मला समदं ऐकू येत व्हतं. पण मी बोलू कवा? तुमी बोलायचं बटनच सोडीना!"
म्हणून आणखी एक वाजवली. त्याने शेजारचं लोखंडी माप माझ्या डोक्यात घातलं. रक्त शर्टभर. टाके पडले.
बटण मी मुद्दाम सोडत नाही. सोडलं की समोरच्याला बोलायची सवय लागते.

१३ नोव्हेंबर
योगिनीने बजावलं, "आता एकदा जरी हात उचललात, माणसावर नाहीतर मशीनवर, तर सॉफ्टवेअर घेऊन पुण्याच्या कंपनीत जाईन." मी म्हटलं, खुशाल जा. डब्याशिवाय सॉफ्टवेअर म्हणजे पातेल्याशिवाय दूध. लॅपटॉप उचलून आत गेली. पटलं असावं.

२१ नोव्हेंबर
राग पूर्ण आटोक्यात. पंचवटीत रिक्षावाल्याशी मारामारी झाली ती धरत नाही, सुरुवात त्याची. आरसा त्याचा, कोपर माझं.
योगिनीने नवे डबे जाड ओतीव धातूचे करून घेतले. लष्कराला मजबूत लागतात म्हणाली. बघत माझ्याकडे होती.

२८ नोव्हेंबर
डेमो. टेकडीपलीकडे साहेब लोक आणि योगिनी. अलीकडे मी, संतोष आणि एक मेजर. आवाज खणखणीत. मग साहेबांनी ट्रकवाल्यांच्या मोडवरून लष्करी मोडवर जायला सांगितलं. सेट मुका झाला. मोड बदलताना जरा थांबा, असं योगिनीने सकाळीच सांगितलं होतं. थांबलो. पुष्कळ थांबलो. मेजर म्हणतात चार सेकंद.
मग एकच फटका.
डब्यावर ओरखडाही नाही. माझ्या मनगटात कट्ट वाजलं. डाव्या हातात सेट, अंगठा बटणावर घट्ट. तोंडाला येईल ते बोललो. सेट नीट चार्ज केला नाही म्हणून संतोषला आईवरून शिव्या दिल्या. त्याची आई तीच योगिनीची आई, हे तेव्हा सुचलं नाही.
तोवर लष्करी मोड लागला होता. शत्रूला एक शब्द कळला नसेल. योगिनीला सगळे कळले.

२ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लॅस्टरमध्ये.
मेजरसाहेबांचा फोन. आवाज उत्तम, सॉफ्टवेअर पास. ऑर्डर योगिनीच्या नावे. डबा कुठलाही चालेल म्हणे.
ती कालच पुण्याला गेली. शेडमधल्या सगळ्या सेटमधलं सॉफ्टवेअर पुसून.
संध्याकाळी एक डबा उचलला. बटण दाबून म्हटलं, योगिनी. मग बटण सोडलं. बराच वेळ सोडून बसलो. पलीकडून काही आलं नाही.