धूप आणि चांदीचा पापुद्रा

२८ सप्टें., रवि
रविवारीही लॅब. हिंगोलीत कुणाला सांगून समजत न्हाई मी काय करते. काचेवर चांदीचा पापुद्रा, त्यावर अमोनियाचे रेणू बसवायचे. चांदीतून वाहणारे इलेक्ट्रॉन त्यांना अडखळतात, विजेचा रोध वाढतो. गेल्या वर्षी वाढलेला रोध वायू काढल्यावरही उतरला न्हाई. म्हणजे अमोनिया चांदीला चिकटून बसतो. सगळी पीएच.डी. त्यावरच उभी. १७ ला पर्मनंट जागेची मुलाखत, त्याआधी प्रबंध जमा पाहिजे. फक्त गाइड सरांची सही राहिली. कॉलेजात तासिकेवर, तासाच्या पैशावर शिकवून शिकवून जीव विटला.

१ ऑक्टो., बुध, खंडेनवमी
लॅबमधल्या यंत्रांची पूजा. आमचे शिपाई सोपानमामा. दरवर्षीसारखं माझ्या पापुद्र्यावरचं काचेचं झाकण उघडून हळद-कुंकू वाहिलं, धूप फिरवला. "मॅडम, तुमच्या मशीनला डबल धूप देला. यंदा काम होतेच बघा." पेढे बरे होते.

३ ऑक्टो., शुक्र
अमोनिया सोडलाच न्हाई, तरी रोध चढत गेला. दिवसभर पंपानं आतली हवा काढली. उतरंना. आत कोंडलेला धूर बसून राहिला चांदीवर, दुसरं काय!
मग जुनी वही काढली. गेल्या वर्षीचं रीडिंगही पूजेनंतरचंच. झेंडूची माळ बाजूला काढून घेतलं होतं, चांगलं आठवतंय.

७ ऑक्टो., मंगळ
नवा पापुद्रा, धूप न लागलेला. अमोनिया सोडला, रोध चढला. काढला, रोध मुकाट खाली. परत केलं. परत तेच. संपलं. रडायचाही कंटाळा.
मामा : "काहून चेहरा असा मॅडम? तब्येत बराबर न्हाई का?"
काय सांगू? भक्तीनं केलं त्यांनी. चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

९ ऑक्टो., गुरु
नांदेडला सरांकडे. "धूप काय प्रबंधात लिहायचा व्हय? हाय तसं द्या, आत्ता सही करतो. कोण तपासून राहिलंय?"
खरंय, कुणीच न्हाई. विचार करते म्हणले. येताना एसटीत बाळापूरपर्यंत उभीच.

१३ ऑक्टो., सोम
चौथं प्रकरण बदललं. अमोनिया टिकत न्हाई, टिकला तो धूर. सरळ लिहिलं. परत नांदेड. सरांनी चाळलं, चष्मा काढला, कपाटात ठेवलं. "दिवाळीनंतर बघू." मुलाखत शुक्रवारी! तरी 'बरं सर' म्हणून बाहेर आले. आता राग येऊन राहिला, स्वतःचाच.
संध्याकाळी आईचा फोन. "झालं का गं एकदाचं तुझं?"
"झालं," म्हणले.
फोन चालू ठेवूनच तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली.