ओली हळद आणि भाऊजींची पाटी

आखाडा बाळापूर, शनिवार, एप्रिल २००४

आज सांगलीचे व्यापारी आमच्या हळदीच्या कारखान्यावर आले आणि माल न घेताच परत गेले. बरंच झालं. भाऊजींची जिरायलाच हवी होती.

हे माझे दीर शहरात जाऊन दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आले आणि दारावर भलीमोठी पाटी लावली, 'गुणवत्ता हाच आमचा धर्म'. पाटीला रंग दोनदा दिला, हळदीला मात्र कधी हात लावून बघितला नाही. शेजारच्या डोंगरकडा गावचे शेतकरी खडखडीत वाळवलेला माल आणायचे, त्यांना भाऊजी उन्हात ताटकळत ठेवायचे. शेवटी ते तिथल्याच दुसऱ्या कारखान्याकडे वळले. मग भाऊजींनी मिळेल त्याच्याकडून ओलसर माल भरला.

आज व्यापाऱ्यांनी एक हळकुंड उचलून मोडायला घेतलं. मोडलंच नाही, वाकलं!

"हवा दमट हाये ना, साहेब," भाऊजी म्हणाले. एप्रिलात!

व्यापाऱ्यांनी पाटी वाचली, हसले आणि डोंगरकड्याचा रस्ता विचारला. मीच सांगितला. सांगायला नको होता का? पण त्यांच्या गळ्यात हा माल कोणत्या तोंडानं मारायचा?

ते गेल्यावर भाऊजी माझ्यावरच उखडले. "वैनी, तुमी काहून तोंड उघडलं?"

"तुमी डोळे उघडून न्हाई राहिले म्हणून."

मी गोदामाची किल्ली मागितली, त्यांनी दिली नाही. मग बाजारातून नवं कुलूप आणलं, जुनं तोडलं आणि माझ्या हातानं नवं लावलं. उद्यापासून प्रत्येक पोतं माझ्यासमोर उघडेल.